लायक, पण कशास?

इंग्रजी भाषेत ‘फिट’ हा अवघ्या तीन अक्षरांचा एक शब्द आहे, आणि त्याने आपल्या खांद्यावर घेतलेला अर्थांचा भार पाहिला म्हणजे नवल वाटते. शिंप्याने शिवलेला सदरा अंगास नेमका बसला म्हणजे तो फिट. दुखण्यातून उठलेला गडी पुन्हा कामावर रुजू होण्याजोगा झाला म्हणजे तोही फिट. सुताराने चौकटीत फळी बसविली म्हणजे ती त्याने फिट केली. खाण्याजोगे अन्न, राहण्याजोगे घर, प्रसंगास शोभेल असे भाषण आणि पदास साजेल असा मनुष्य, या सर्वांस इंग्रज हाच एक शब्द लावतो. अपस्माराच्या झटक्यास जो ‘फिट’ म्हणतात, तो मात्र उच्चारापुरताच सारखा. त्याची कुळकथा निराळी मानली जाते. आपल्याकडे हे काम योग्य, लायक, उचित, पात्र, साजेसा, ‘जोगा’ अशा अनेकांनी वाटून घेतले आहे. तरीही एसटीच्या गाडीस फिटनेसचा दाखला लागतो, सैन्यभरतीत पोरगा अनफिट ठरतो, आणि खेड्यातील म्हातारी माणसेसुद्धा दाराची कडी फिट बसली असे सहज बोलून जातात.

या शब्दाच्या नशिबी एकदा फार मोठा अनर्थ आला. हर्बर्ट स्पेन्सर या तत्त्वज्ञाने १८६४ साली जीवशास्त्रावरील आपल्या ग्रंथात ‘जो सर्वांत फिट तो तगतो’ अशा आशयाची शब्दयोजना केली, आणि डार्विनने १८६९ मध्ये निघालेल्या आपल्या ग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत ती स्वीकारली. शास्त्रज्ञांच्या मनात तिचा अर्थ असा होता, की ज्या स्थळी व ज्या काळी जीव जन्मास आला, त्या स्थळाशी व त्या काळाशी ज्याचा मेळ बसला तो टिकतो. पण लोकांनी ‘फिट’ म्हणजे बलवान असे मानले, आणि त्या चुकीच्या अर्थावर वंशश्रेष्ठत्वाची व परराज्यहरणाच्या समर्थनाची विषारी मते उभी राहिली. डार्विनचा खरा आशय समजून घ्यावयाचा, तर वेल्ह्याच्या डोंगरउतारावरील कारवीकडे पाहावे. सागासारखे तिला लाकूड नाही, आंब्यासारखे फळ नाही. सात वर्षांतून एकदा ती फुलते, बी टाकते आणि मरून जाते. परंतु मुसळधार पावसात, जेथे मातीचा थर वीतभरही नाही अशा कड्याच्या कुशीत, ती दाट रानाचे रान माजवून बसते. याच कारवीच्या काठ्या शेणामातीने लिंपून मावळातल्या घरांचे कूड पिढ्यानपिढ्या उभे राहिले. ती बलवान नाही. ती त्या उतारास लायक आहे.

लायकी अशी कोणत्या तरी ठिकाणाशी वा कामाशी बांधलेली असते. ‘कशास लायक’ या प्रश्नाचे उत्तर दिल्यावाचून एखाद्या वस्तूस लायक किंवा नालायक म्हणणे म्हणजे अर्धेच वाक्य बोलून थांबणे होय. हे अर्धे वाक्य सरकारी दप्तरात लिहिले गेले म्हणजे काय होते, हे भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांच्या जमिनीने जितके अनुभवले तितके क्वचितच दुसऱ्या मुलखाने अनुभवले असेल, आणि म्हणून या शब्दाचा विचार मला तिच्या अनुषंगाने करावासा वाटतो.

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात सह्याद्रीच्या कण्यास बिलगलेले हे दोन तालुके; त्यांपैकी वेल्ह्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. निरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी, आंबी आणि मोसे या नद्यांनी येथल्या डोंगरांच्या मधून जी खोरी कोरली, त्यांसच हिरडस मावळ, गुंजण मावळ, रोहिड खोरे, वेळवंड खोरे, मोसे खोरे अशी नावे पडली, आणि बांदल, सिळीमकर, जेधे, पासलकर अशा देशमुख घराण्यांकडे त्यांची वतने होती. पश्चिमेस घाटमाथ्यावर पाऊस अतोनात, माती तांबडी आणि उथळ. पूर्वेस नसरापूर-किकवीकडे उतरावे तसतसा पाऊस उणावत जातो आणि माती काळसर व खोल होत जाते. अर्ध्या दिवसाच्या वाटेवर भातकऱ्याचा आणि ज्वारीकऱ्याचा असे दोन निराळे संसार येथे दृष्टीस पडतात.

या मुलखाची मोजणी शिवकालात झाली ती पाच हात पाच मुठींच्या काठीने. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर. जमिनीची प्रत अव्वल, दूम, सीम अशी ठरविली जाई. त्या काळच्या महसुली पद्धतीतील मला विशेष महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की पडीक जमीन म्हणजे कायमची निकामी जमीन असे कोणी गृहीत धरीत नसे. नव्या रयतेस बैलजोडी व बियाण्यास पैका द्यावा आणि तो तिच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू परत घ्यावा, असा शिवाजी महाराजांचा शिरस्ता सभासदाने नमूद केला आहे. आणि पुढे पेशवाईत पडीक जमीन लागवडीस आणणारास इस्तावा कौल मिळे, म्हणजे आरंभी नाममात्र सारा व दरसाल थोडी थोडी चढ होत होत काही वर्षांनी पुरा धारा. जमिनीची लायकी माणसाच्या कष्टाने वाढते, हे तत्त्व त्या कौलात गृहीत होते.

इंग्रजी अमलात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून जी पैमाष सुरू केली, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने जिचे नियम कायम झाले, ती व्यवस्था शास्त्रीय होती यात शंका नाही. प्रतबंदी करणारा कामगार शेताचे काल्पनिक भाग पाडून प्रत्येक भागात माती उकरी, तिची खोली मापी, रंग व पोत पाही, आणि नऊ वर्गांपैकी एक वर्ग देई. पावणेदोन हात खोल, काळी, बारीक पोताची माती ती सोळा आण्यांची. तेथून उतरत उतरत उथळ मुरमाड जमिनीची किंमत दोन आण्यांवर येई. शिवाय उतार, चुनखडी, वाळू, पाण्याने वाहून जाण्याची भीती, असे दोष आढळले म्हणजे त्या त्या दोषापायी जमीन एकेक वर्ग खाली ढकलली जाई. भातजमिनीस निराळे मोजमाप होते, कारण तेथे मातीइतकेच पाणी व बांध यांस महत्त्व. भोर हे पंत सचिवांचे संस्थान असल्यामुळे, आणि राजगड-तोरण्याचा मुलूखही त्यांच्याच अमलाखालचा असल्यामुळे, हा कारभार येथे थेट इंग्रजांचा नव्हता. संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले ते १९४८ साली. परंतु लागवडीयोग्य आणि पोटखराब ही जी दोन कलमे आज येथल्या प्रत्येक सात-बाराच्या उताऱ्यावर दिसतात, ती त्याच पैमाषीच्या परंपरेतून आलेली आहेत.

या पद्धतीचा दोष तिच्या मोजमापात नव्हता, तिच्या प्रश्नात होता. ‘ही जमीन पिकास कितपत लायक?’ एवढेच ती विचारी, आणि तेही एकेका शेतास सुटे सुटे धरून. मावळातली जमीन तर सुटी कधी नसतेच. तेथे भाताचे खाचर खाली, त्याच्या वर तालीचे तुकडे, त्याच्याही वर वरकस, आणि माथ्याला रान. या चौघांचा मिळून एक संसार चालतो. वरकस म्हणजे सारा पाहावा तर अगदी किरकोळ, नांगर पाहावा तर जेमतेम. दोन-तीन वर्षे नाचणी, वरई, सावा किंवा खुरासणी घ्यावी आणि मग जमिनीस बरीच वर्षे स्वस्थ पडू द्यावे, अशी तिची रीत. प्रतबंदीच्या दृष्टीने ती तळाची जमीन. परंतु खालच्या सोळा आणे खाचरातले भात तिच्यावाचून उगवत नसे, आणि याचे कारण राब.

राबाची रीत ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. हिवाळ्याच्या सुमारास गडी वरकसात आणि रानात जाऊन ऐन, किंजळ अशा झाडांच्या फांद्या छाटतो. त्यांचे भारे वाळत ठेवतो. उन्हाळ्यात, ज्या लहानशा तुकड्यात रोप टाकावयाचे, त्यावर प्रथम शेणाचा किंवा गोवऱ्यांच्या चुऱ्याचा थर, त्यावर वाळलेल्या फांद्या, त्यावर पालापाचोळा, त्यावर गवत, आणि सर्वांवर बारीक माती असे थर रचले जातात. मातीचा थर घालण्यात खरी कारागिरी आहे. तो पातळ पडला तर वाऱ्यावर सगळे भडकन जळून जाते आणि जमीन तापत नाही. जाड पडला तर आग गुदमरते. वारा पडलेला असावा, आणि विस्तव लावावयाचा तो वाऱ्याच्या उलट बाजूने, म्हणजे आग मागे सरत सरत सावकाश जाते. पहाटे किंवा संध्याकाळी ही भाजणी होते, आणि रात्रभर राब धुमसत राहतो. मग पहिल्या पावसाच्या तोंडावर त्या राखेमातीत बी फेकतात, आणि महिन्याभरात तयार झालेले रोप उपटून, मुठी बांधून, चिखलणी केलेल्या खाचरात लावणीस नेतात.

सरकारी वनखात्यास ही झाडांची छाटणी व जाळपोळ रानटीपणाची वाटे, आणि तीवर निर्बंध घालावा की नाही हा वाद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बराच गाजला. पुढे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातील हॅरॉल्ड मॅन यांनी जोशी व कानिटकर या आपल्या सहकाऱ्यांसह राबाचे शास्त्रीय परीक्षण केले, आणि १९१२ साली ते प्रसिद्ध झाले. राबाचा गुण केवळ राखेच्या खतात नसून माती तापण्यातही आहे, हे त्या प्रयोगांनी पुढे आणले. तणाचे बी आणि कीड मरते हा लाभ तर शेतकऱ्यास डोळ्यांनीच दिसत असे. आज सुधारलेली रोपवाटिका, रासायनिक खते आणि वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून निघालेले इंद्रायणीसारखे वाण यांमुळे राबाची गरज पुष्कळ कमी झाली आहे, आणि रानावरील भार हलका झाला हे चांगलेच झाले. पण ज्या शतकांत ही खोरी माणसांनी भरली, त्या शतकांत भाताचे निम्मे श्रेय त्या दोन आणे जमिनीचे होते, आणि कोणत्याही दप्तरात ते तिच्या नावे जमा झालेले नाही. ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. शेतीचा इतिहास लिहिताना आपण खाचराचे क्षेत्र मोजतो, आणि ज्याच्या पाल्यावर ते खाचर पोसले त्या वरकसास पडीक म्हणून वगळतो.

नांगरास सर्वस्वी निरुपयोगी असलेली जागा दुसऱ्या एका कामास कशी अजोड ठरते, याचे उदाहरण तर या मुलखाच्या प्रत्येक क्षितिजावर उभे आहे. मुरुंबदेवाचा डोंगर शेतकऱ्यास काय देणार होता? पण शिवाजी महाराजांनी त्याचा राजगड केला. पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या तीन दिशांस पसरलेल्या, आणि मध्यभागी बालेकिल्ला, अशी ती रचना पाहिली म्हणजे डोंगराने दिलेले अंग आणि माणसाने घातलेला तट यांचा सांधा कोठे आहे ते पुष्कळ ठिकाणी सांगता येत नाही. संजीवनी माचीची चिंचोळी सोंड जशी वळते तसतशी तटबंदीही वळत गेली आहे. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारशात मराठ्यांच्या लष्करी भूदृश्यांचा समावेश केला, त्या बारा किल्ल्यांत राजगड आहे; आणि ‘भूदृश्य’ हा शब्द येथे फार समर्पक आहे, कारण गौरव केवळ बांधकामाचा नसून स्थळाच्या निवडीचाही आहे.

ही निवड कशी करावी याचे शास्त्रच रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आज्ञापत्रात सांगून ठेवले. डोंगर कितीही दुर्गम असो, त्यांची पहिली चौकशी पाण्याची आहे. पाणी नसेल आणि ते स्थळ तर बांधणे अगत्याचे असेल, तर खडक फोडून तळी व टाकी करावी असे ते सांगतात. झऱ्यावर मात्र विसंबू नये, कारण लढाईत तोफांच्या धडाक्याने झऱ्याचे पाणी आटते, असा त्यांचा अनुभव आहे. गडास लागून दुसरा उंच डोंगर असेल, तर तो सुरुंगाने फोडून कमी करावा, नाही तर तोही बांधून गडाच्या आवाक्यात आणावा. गडावर झाडे लावावी आणि राखावी, कारण प्रसंगी प्रत्येक लाकूड कामास येते. प्रत्येक कलमात डोंगराची लायकी ही दिलेल्या वस्तुस्थितीइतकीच करावयाच्या मेहनतीवर अवलंबून ठेवलेली आहे. इस्तावा कौल देणाऱ्या कारभाऱ्यांची आणि अमात्यांची विचारसरणी येथे एकच दिसते.

आणि तरीही लायकीचा प्रश्न एकदा सुटला म्हणजे कायमचा सुटला असे नव्हे. सुमारे पाव शतक राजधानी म्हणून नांदलेला राजगड, राज्याचा विस्तार झाल्यावर, सिंहासनास अपुरा ठरला. रायगडाचा तासल्यासारखा कडा आणि वरचा विस्तीर्ण माथा पाहून तख्तास हीच जागा योग्य, असा निर्णय महाराजांनी केल्याचे सभासद सांगतो. राजगडाचा एकही चिरा त्यामुळे ढासळला नव्हता. प्रयोजन बदलले, आणि उत्तर बदलले.

विसाव्या शतकात याच डोंगरांच्या दरीस तिसऱ्या प्रकारच्या तज्ज्ञाने न्याहाळले. धरणाच्या अभियंत्यास पाहिजे असतो दोन डोंगरांमधील अरुंद घसा, त्यामागे रुंद पोट, खाली पक्का खडक आणि वर भरवशाचा पाऊस. वेळवंडीवरील भाटघर येथे हे सर्व जुळून आले होते. तेथे एकोणिसाव्या शतकातच एक धरण झाले होते. पुढे अधिक उंचीचे नवे दगडी लॉइड धरण १९२८ साली पुरे झाले. त्यामागील जलाशयास आज येसाजी कंकांचे नाव आहे. त्याचे पाणी निरेच्या दोन्ही कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या अवर्षणाच्या मुलखास गेले, आणि ज्या इंदापुरात विंगेटसाहेबांनी जमिनीचे आणे मोजावयास आरंभ केला होता, तेथे उसाचे मळे उभे राहिले. म्हणजे वेळवंड खोरे जितके अधिक लायक ठरले, तितकी त्याची नदीकाठची भातखाचरे पाण्याखाली गेली. पुढे पानशेत, वरसगाव, निरा-देवघर, गुंजवणी अशी धरणांची मालिकाच या दोन तालुक्यांत झाली. भोर-वेल्ह्याच्या माणसाने पाणी दिले आणि उन्हाळ्यात आपल्या वाडीवर टँकरची वाट पाहिली, हे दुःख आकडेमोडीत कोठेच मांडले जात नाही, आणि ज्यांच्या शेतात ते पाणी खेळते त्यांनी ते ठाऊक करून घ्यावे असे मला मनापासून वाटते. उन्हाळ्यात जलाशय उतरला म्हणजे जी गाळाची पट्टी उघडी पडते, तिला गाळपेर जमीन म्हणतात. ती मोसमापुरती कसावयास दिली जाते. पावसाळ्यात पाण्यास लायक आणि उन्हाळ्यात पिकास लायक, अशी एकाच वर्षात दोन उत्तरे देणारी ही जमीन.

आता पुन्हा सात-बाराकडे वळू. पोटखराब क्षेत्राचे नियमाने दोन वर्ग आहेत. रस्ता, पाऊलवाट, लोकांच्या वापरातील ओढा किंवा तळे, दफनभूमी अशा सार्वजनिक प्रयोजनासाठी सोडलेली जागा ती ‘ब’ वर्गातील. आणि पैमाषीच्या वेळी शेतीस अयोग्य म्हणून ठरविलेली ती ‘अ’ वर्गातील. या ‘अ’ वर्गात खडक व खाचखळगे येतात हे समजण्यासारखे आहे, पण त्यातच शेतकऱ्याचे शेतघर आणि खळेही मोडते. ज्या खळ्यावर पेंढ्या झोडपून भात मोकळे होते, ज्याच्या सारवणावर घरातली सर्व माणसे आठवडाभर राबतात, आणि ज्याच्यावाचून पीक घरी येत नाही, ते खळे कायद्याच्या भाषेत शेतीस अयोग्य! कायद्याचा हेतू वाईट नव्हता. तेथे पेरणी होत नाही म्हणून त्यावर आकार बसवू नये, एवढीच सवलत त्याला द्यावयाची होती. परंतु सवलतीसाठी लिहिलेला शेरा पिढ्यांनंतर गुणदोषाच्या निवाड्यासारखा वाचला जाऊ लागला. आजोबाने खडकाळ उतारावर दगडांच्या ताली रचल्या, बापाने माती वाहून आणून खाचरे केली, नातू तेथे भात घेतो, आणि उताऱ्यावर ते क्षेत्र अजून पोटखराबच. मग पीककर्ज देताना ते धरले जात नाही, पीक बुडाले तर नुकसानभरपाईत ते येत नाही, आणि प्रकल्पासाठी जमीन गेली तर मोबदल्याच्या वेळी पुन्हा तोच शेरा आडवा येतो.

ही विसंगती २०१८ साली नियमात दुरुस्ती करून दूर करण्याची वाट शासनाने मोकळी केली. शेतकऱ्याने स्वतःच्या मेहनतीने लागवडीखाली आणलेले ‘अ’ वर्गाचे पोटखराब क्षेत्र आता लागवडीयोग्य म्हणून नोंदवून घेता येते, आणि त्यावर रीतसर आकारणी होते. ‘ब’ वर्गास, तेथे सर्वांचा हक्क असल्यामुळे, ही मुभा नाही. ज्याच्या घरी असे क्षेत्र असेल त्याने उतारा काढून लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराब क्षेत्र हे दोन रकाने शेतात उभे राहून ताडून पाहावेत, आणि तफावत असेल तर तलाठ्याकडे अर्ज करून स्थळपाहणीची मागणी करावी. पाहणीच्या दिवशी ताली, बांध आणि उभे पीक दिसेल अशी वेळ निवडणे बरे. भोर-वेल्ह्यात ती लावणीनंतर, श्रावण-भाद्रपदात येते.